पायाभूत वर्ष १९९३

आक्रा, १४ नोव्हेंबर २०१०

ती. बाबा,

नमस्कार. पत्र हाताने लिहिते आहे, कारण मेल तुम्ही उघडत नाही आणि रविवारच्या फोनवर आपण दोघं ‘जेवलीस का’, ‘जेवले’ याच्या पुढे जात नाही. अक्षराला नावं ठेवू नका.

आधी बातमी. घाना श्रीमंत झाला. पाच तारखेला इथल्या सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केलं, की देशाचं उत्पादन आजवर समजत होतो त्याहून साठ टक्के जास्त आहे. दरडोई साडेसातशे डॉलरच्या आसपास होतं, ते एकदम तेराशेच्या पुढे गेलं. सकाळी मी ऑफिसला गेले तर रस्त्यात काही बदललेलं नव्हतं. तीच बाई डोक्यावर केळ्यांची परात घेऊन सिग्नलला उभी होती.

कारण तुम्हाला माझ्याआधी कळलं असेल. पायाभूत वर्ष बदललं. इतकी वर्षं १९९३च्या उद्योगधंद्यांच्या यादीवर मोजत होते, आता २००६च्या यादीवर मोजतात.

म्हणजे तुमचा घाना आयव्हरी कोस्टच्या पुढे गेला. दुपारी जेवताना मी टीममधल्या लोकांना तुमची पैज सांगितली. सत्तावन साली घाना स्वतंत्र झाला तेव्हा पुण्यात बी.ए.ला असलेल्या दोन मुलांनी दोन शेजारी देश वाटून घेतले, तुम्ही घाना, बापूकाकांनी आयव्हरी कोस्ट. दर सहा मार्चला दोन्हींचे आकडे लाल वहीत लिहायचे. ज्याचा देश मागे, त्याने आपल्या हाताने लिहायचं आणि खाली सही करायची. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. या देशांच्या पुढाऱ्यांनीही तेव्हा अशी पैज लावली होती म्हणे, पण ती दहा वर्षांची. पुण्याची मुलं त्रेपन्न वर्षं मोजताहेत यावर कुणाचा विश्वास बसेना. त्यांच्यापैकी एकही मुलगा पुण्याबाहेर राहिलेला नाही, हे मी सांगितलं नाही.

आता माझं. इथल्या बँकेचं काम वाढलं आहे. कंपनी मला आणखी तीन वर्षं इथे ठेवायला तयार आहे. नाहीतर जानेवारीत पुण्याला परत, हिंजवडीला जुन्याच जागी. ३१ डिसेंबरच्या आत सही करायची आहे.

तुम्ही ‘ये’ म्हणालात तर मी येते. ‘राहा’ म्हणालात तर राहते, त्याचंही काही वाटणार नाही. फक्त ‘बघू’ म्हणू नका. लिहून कळवा.

तुमची
अपूर्वा


पुणे, २७ नोव्हेंबर २०१०

अपूर्वा,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. आक्राहून कर्वेनगरला यायला त्याला नऊ दिवस लागले आणि तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर यायला तीन. तेवढे दिवस आमच्या वॉचमनसाहेबांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला होता. असो.

बातमी वाचून मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे समजत होतं. अडुसष्ट सालापासून दर वर्षी मी हरल्याची सही करतो आहे. तरी खुर्चीवरून उठलो, वही पिशवीत घातली आणि पीएमटीच्या बसने मांजरीला बापूरावाकडे गेलो, एवढंच.

बापूराव आजारी आहे, हे तुला सांगायचं राहिलं. फुप्फुसं. दिवाळीपासून पलंगाशेजारी ऑक्सिजनचं नळकांडं आहे. मंदाकिनीवहिनी त्याला उशीला टेकवून बसवतात. खिडकीतून पूर्वी ऊस दिसायचा. आता बारा मजल्यांच्या इमारती दिसतात आणि त्यांवर संगणक कंपन्यांतल्या जोडप्यांना हसताना दाखवणारे फलक.

मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. म्हटलं, “बापूराव, बेचाळीस वर्षांनी तुझी पाळी. लिही.”

त्याने तुझं पत्र डोळ्यांजवळ धरून वाचलं. मग मला म्हणाला, “पाया कुठला?”

“दोन हजार सहा.”

“आन् मागली समदी वर्षं?”

मी वहीची मागची पानं चाळली.

“मागली जुन्या पायावर आन् हे एकच नव्या? माधव, पोरांनी असं लिवलं तर तू भोपळा द्यायचास की.”

बरोबर होतं त्याचं. तेहतीस वर्षं कॉलेजात मी हेच शिकवलं. पाया बदलला की मागची वर्षंही नव्या पायाने मोजून घ्यावी लागतात, नाहीतर देशाने एका रात्रीत उडी मारली असं दिसतं. उडी कुणीच मारलेली नसते. जे होतं ते आधीपासून होतं, आपण मोजलेलं नव्हतं. या एका चुकीसाठी मी मुलं नापास केली आहेत, आणि तीच चूक वहीत करायला पीएमटीने तीन तास खर्च केले.

बापूराव म्हणाला, “त्र्याण्णवपासून मोज. मग करतो सही. मी काय पळून जात न्हाय.” मग बराच वेळ खोकला.

तेव्हा एक काम कर. त्या कार्यालयात जाऊन नव्या पायावरचे जेवढ्या वर्षांचे आकडे मिळतील तेवढे आण. एरवी तुला त्रास दिला नसता. आकडे आणायचं काम तुझं कधी नव्हतं. सलील होता तोवर सलील लायब्ररीतून आणायचा, तो गेल्यावर बापूराव आणत आला. आता बापूरावाला जिना उतरवत नाही.

त्याच्या देशात, आयव्हरी कोस्टमध्ये, उद्या मतदान आहे. तो रेडिओ कानाशी घेऊन पडलेला असतो.

तुझ्या नोकरीचं: बघू.

बाबा


आक्रा, ८ डिसेंबर २०१०

ती. बाबा,

नमस्कार. काल अर्धा दिवस रजा टाकून सांख्यिकी कार्यालयात गेले. तक्ता सोबत जोडला आहे. नव्या पायावरचे आकडे त्यांच्याकडे २००६पासूनचेच आहेत. त्याआधीची वर्षं तुम्हाला आणि बापूकाकांना हाताने मागे ओढत न्यावी लागतील. त्यांना दम लागला तर थांबा. आजाराचं मला आधी सांगायला हवं होतं.

तिथल्या अधिकारी बाईंना मी विचारलं, एवढं साठ टक्के आजवर होतं कुठे? त्या म्हणाल्या, इथेच होतं. आमची यादी जुनी होती. त्र्याण्णव साली मोबाइल नव्हता, म्हणून मोबाइलचा धंदा यादीत जेमतेम. बँका वाढल्या, पण यादीत त्यांचं वजन तेवढंच. माणसं रोज कामाला जात होती, आमच्या कागदावर ती दिसत नव्हती. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं आणि दुसऱ्या फायलीकडे वळल्या.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. बाबा, आता जे लिहिते आहे ते रागाने लिहीत नाही. राग यायला हवा होता, पण येत नाही. मी तुमच्यावर गेले आहे.

आपल्या घराचं पायाभूत वर्षही १९९३ आहे. फेब्रुवारीत कात्रजच्या घाटात दादाची स्कूटर ट्रकखाली गेली, तिथेच आपली यादी थांबली. त्यानंतरचं काही त्या यादीत बसत नाही. पंच्याण्णवला माझा दहावीचा निकाल लागला. मी गुणपत्रिका घेऊन आले तेव्हा तुम्ही टेबलाशी पट्टीने रकाने आखत होता. मी कागद पुढे ठेवला. तुम्ही वाचलात, “बरं” म्हणालात आणि पुढची रेघ मारलीत. आईने शेजारी पेढे नेऊन दिले ते तुम्हाला दिसू न देता, पदराखाली झाकून.

आणखी एक. आई गेली त्या वर्षी, २००३ला, मी कपाट लावत होते. लाल वही खाली पडली आणि मागच्या बाजूने उघडली. तिथे पेन्सिलने एक तक्ता आहे. वर ‘सलील’. १९९५, एम.ए., प्रथम वर्ग, कंसात ‘अंदाजे’. १९९७, अधिव्याख्याता, अंदाजे. २०००, विवाह, अंदाजे. २००२, अपत्य, आणि पुढे प्रश्नचिन्ह. दर वर्षी एक ओळ. तुम्ही दादाचे आकडे पुढे ओढत होता.

दादाचं मला वाईट वाटलं नाही. तो तक्ता ठेवायला हवा होता तर ठेवायचा. पण त्याच्या शेजारी दुसरा रकाना नव्हता. मी शेजारच्या खोलीत राहत होते, बाबा. माझ्यासाठी अंदाज बांधायची गरज नव्हती, हाक मारली असती तरी चाललं असतं. मी वही मिटून जागेवर ठेवली आणि कुकर लावला.

तुमच्या पत्रात माझ्या प्रश्नाला दोन अक्षरं होती. ३१ला दुपारी चारपर्यंत कुरियरची वाट बघेन. मग सही करेन.

बापूकाकांना आणि काकूंना नमस्कार सांगा.

अपूर्वा


पुणे, ३० डिसेंबर २०१०

अपूर्वा,

आशीर्वाद. बापूराव सोमवारी, २७ तारखेला सकाळी गेला. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा रेडिओ चालू होता.

तुझा तक्ता १७ला मिळाला. १८ ते २२ रोज दुपारी मी मांजरीला जात होतो. २००६पासून मागे एकेक वर्ष आम्ही ओढत नेलं. मी गुणाकार करायचो, तो डोळे मिटून ऐकायचा आणि चूक झाली की एक बोट वर करायचा. चार वेळा बोट वर झालं. चारही वेळा चूक होती. त्र्याण्णवला पोचलो तेव्हा उडी नाहीशी झाली होती. घाना हळूहळूच वर येत होता, वर्षाला थोडा थोडा. आम्हाला ते दिसलं नव्हतं इतकंच.

मग बापूरावाने पेन मागितलं. आकडा त्याने लिहिला, तो वाचता येत नाही, पण सही नीट आहे. “झालं का तुझं समाधान?” असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. समाधान वगैरे काही झालं नव्हतं. त्रेपन्न वर्षांच्या सोबतीचा माणूस समोर होता आणि मी वहीवरची शाई वाळते आहे का ते बघत होतो.

त्या दिवशी निघताना त्याने मला थांबवून आणखी एक गोष्ट सांगितली. ती तुझ्याबद्दलची आहे. ती मला अजून लिहिता येत नाही.

पेन्सिलच्या पानाबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे.

हे पत्र तुला ३१च्या आत मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. फोन हातात घेतला होता. तुझा नंबर फिरवला आणि घंटी वाजायच्या आत ठेवला. काय बोलायचं ते तयार नव्हतं.

बाबा


आक्रा, १० जानेवारी २०११

ती. बाबा,

नमस्कार. बापूकाकांचं वाचलं. ऑफिसमध्ये होते. पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि मीटिंगला गेले. मीटिंगमध्ये मी चांगली बोलले, असं नंतर सगळे म्हणाले. घरी येऊन भात टाकला. रडू येईल म्हणून थोडा वेळ बसून राहिले, पण आलं नाही.

लहानपणी ते मला हुरडा पाठवायचे. तुमच्या नावाने पिशवी यायची, पण आत चिठ्ठी माझ्या नावाची असायची.

३१ला सही केली. चारऐवजी साडेचार वाजता केली. तीन वर्षं. तुम्ही ‘ये’ लिहिलं नाहीत, ‘राहा’ही लिहिलं नाहीत. माझी तक्रार नाही. आता निदान ठरलं आहे, त्याने बरं वाटतं. बरं म्हणजे काही वाटत नाही.

काकांच्या आयव्हरी कोस्टमध्ये निवडणूक झाल्यावर दोन माणसांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली आहे. लोक घरं सोडून निघाले आहेत, काही इकडे घानात येताहेत. काकांना याहून पुढचं ऐकावं लागलं नाही.

तुमच्या गोळ्या संपत आल्या असतील. खालच्या केमिस्टला मी मेल करून ठेवला आहे, तो वर आणून देईल.

अपूर्वा


पुणे, ६ मार्च २०११

अपूर्वा,

आशीर्वाद. आज सहा मार्च. पैजेचा दिवस, पण समोर बसायला कुणी नाही. वही घेऊन मी एकटाच टेबलाशी बसलो. बापूराव गेल्यावर घानाचा आकडा कुणाला दाखवायचा, म्हणून तो लिहिला नाही.

तुझं पत्र येऊन सहा आठवडे झाले. उत्तर चार वेळा लिहिलं आणि चारही फाडली. आज पाचव्या वेळी फाडायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

आधी बापूरावाने सांगितलेली गोष्ट. तो म्हणाला, “माधव, आकडे मी कवा आणले? मांजरीच्या हापिसात ऊस मोजायचो मी. मला आफ्रिका कुठं घावनार? तुझी पोरगी आणायची.”

मला वाटलं ऑक्सिजन कमी पडतो आहे. त्याने वहिनींना ट्रंक उघडायला सांगितली. आत कागद होते. चौऱ्याण्णवपासूनचे, दर वर्षाचा एक. पहिले काही कागद म्हणजे शाळेच्या वहीची पानं आणि त्यांवर तुझं गोल अक्षर. नंतर संगणकावरून छापलेले. सलील गेल्यावर मी वही बंद केली होती. तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस. दादा जायचा त्याच लायब्ररीत जाऊन आकडे उतरवलेस, मांजरीला नेऊन दिलेस आणि बापूरावाला म्हणालीस, “काका, मी आणले असं सांगू नका. माझ्याकडून घेणार नाहीत. तुम्ही आणले म्हटलंत तर बाबा पेन हातात घेतील.”

मी घेतलं. सतरा वर्षं घेतलं. वर तुलाच लिहिलं, की आकडे आणायचं काम तुझं कधी नव्हतं.

ते कागद मी घरी आणले आहेत. आल्यापासून रोज एकदा उघडून बघतो. मला रडू आलं असं लिहिलं तर खोटं होईल. कागद पुन्हा वर्षांच्या क्रमाने लावून ठेवतो.

आज मी वहीचं मागचं पान उघडलं. सलीलच्या रकान्यात १९९३च्या खाली शाईने रेघ मारली. खालचं ‘अंदाजे’ सगळं खोडरबराने पुसलं. पुसायला अर्धा तास लागला, पेन्सिल जोरात दाबलेली होती. एम.ए. गेलं, नोकरी गेली, सून गेली. शेवटी प्रश्नचिन्ह गेलं. एकवीस वर्षांचा मुलगा राहिला. तो माझा खरा मुलगा होता. मला त्याची आठवण आली. अठरा वर्षांत ती मी येऊ दिली नव्हती.

मग शेजारी दुसरा रकाना आखला. वर ‘अपूर्वा’ लिहिलं आणि १९९३पासून खाली वर्षं टाकली. पाया बदलला की मागची वर्षंही मोजावी लागतात.

मोजायला बसलो आणि अडलो. चौऱ्याण्णव ते दोन हजार दहा, प्रत्येक वर्षापुढे ‘आकडे आणले’ एवढं लिहिता आलं, कारण कागद समोर होते. १९९५ला दहावी, टक्के माहीत नाहीत, तेव्हा वाचले होते पण पाहिले नव्हते. २००३ला आईचं आजारपण एकटीने काढलंस. २००७ला माझा मोतीबिंदू, तू आठ दिवस डोळ्यांत थेंब घातलेस. बाकी जागा कोऱ्या आहेत. अंदाज बांधता आला असता, त्यात मी तरबेज आहे. पण अंदाज बांधायचे नाहीत असं ठरवलं आहे.

आता तुझा प्रश्न. ३१ डिसेंबर गेला, सही झाली, ती मोडू नकोस. तुझं काम चांगलं चाललं आहे असं लोक म्हणतात आणि ते मला तुझ्याच पत्रातून कळतं. पण विचारलं होतंस, त्याचं उत्तर वहीत राहून उपयोग नाही. ये. तीन वर्षांनी ये, सुट्टीत ये, जमेल तेव्हा ये. मला तू इथे हवी आहेस. हे वाक्य लिहायला मला चार कागद लागले.

पानाची झेरॉक्स सोबत पाठवतो आहे. जागा तुझ्या हाताने भर. घाई नाही, पण मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे हे लक्षात ठेव.

१९९८पासून सुरुवात कर. ते सगळ्यात कोरं आहे. त्या वर्षी मी निवृत्त झालो आणि दिवसभर घरीच होतो. तूही घरीच होतीस. तू काय करत होतीस ते कळव.

तुझा
बाबा